कौसाबाईची उभी दुनळी

दुरुस्तीला बंदूक घेऊन आलेला माणूस दुकानाची पायरी चढल्या चढल्या पहिलं काम काय करतो, सांगू? नळीच्या तोंडाला डोळा लावतो. "मिस्त्री, आत कायतरी दिसून राहिलं बघा." आत काडतूस आहे का, हे घरून निघताना कुणी बघितलेलं नसतं. हिंगोलीच्या दुकानात मी बसायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात एका शहाण्यानं हे केलं. मी जोरात ओरडलो. तो दचकला आणि वर मलाच म्हणाला, "वरडता काहून? माझीच बंदूक हाय की!" आता बोला!

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. बंदुकीचा परवाना परभणीहून यायचा आणि तो हातात पडेपर्यंत माणूस निम्मा म्हातारा व्हायचा. बंदुकीच्या दुकानात जन्म काढला म्हटलं की लोक कान टवकारतात. वाघाचं सांगा, दरोडेखोराचं सांगा म्हणतात. कसले वाघ नि कसले दरोडेखोर! आमचं काम म्हणजे गंज खरवडायचा, फुटलेला लाकडी दस्ता जोडायचा, मेलेली कमान म्हणजे आतली स्प्रिंग बदलायची आणि कुंभारमाशीनं नळीत बांधलेलं मातीचं घर उकरून काढायचं. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेला, बंदूक वर्षातून चार-दोनदा उडायची, बाकी वेळ खुंटीवर.

त्यात दुनळी घ्यायची म्हटलं की एक प्रश्न ठरलेला. आडवी का उभी? आडवी म्हणजे जिच्या दोन नळ्या शेजारी शेजारी असतात, बैलजोडीसारख्या. उभी म्हणजे एकीवर एक. आमच्या भागात सगळीकडे आडवीच. उभी फार विरळा. हैदराबादेकडचं एखादं जुनं घराणं मोडलं की त्यांची विलायती बंदूक हात बदलत बदलत आमच्यापर्यंत यायची. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, बाबा रे, छर्रा दोन्हीतून सारखाच सुटतो. फरक आहे तो वजनात, नजरेत आणि हाताच्या सवयीत. आडवी हलकी आणि भरायला सोपी. उभीत डोळ्यापुढं एकच नळी येते, त्यामुळं नेम धरताना नजर भटकत नाही. पण ऐकतो कोण? कनेरगाव नाक्याचा एक ढाबेवाला मला म्हणाला, "एकावर एक नळी म्हंजे छर्रा दुप्पट लांब जात असंल ना?" त्याला समजावता समजावता माझा चहा थंड झाला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मंग आडवीच द्या. भिताडावर टांगली तं रुंद दिसते." कपाळ माझं!

असे नमुने पुष्कळ भेटले. त्यांच्यावर हसून झालं की मला हमखास कौसाबाई आठवते, आणि मग हसू येत नाही. इतकी वर्षं झाली, पण तिच्या अंगणातला तो दिवस मी विसरलेलो नाही.

कौसाबाई कुरुंदा गावची. नवरा अचानक वारला. पोटी लेकरू नाही. घरात धाकटा दीर मारोती, त्याची बायको आणि त्यांची पोरं. जमीन दोघा भावांत सामाईक, वाटणी झालेली नव्हती. नवऱ्याची आडवी दुनळी होती, ती तो गेल्यावर रिवाजाप्रमाणे पोलिसांत जमा झाली आणि तिथं दोन पावसाळे पडून आतून पार गंजून गेली. शेतात तर रानडुकरांचा धुमाकूळ. मग या बाईनं काय करावं? परवाना स्वतःच्या नावावर काढला! त्या काळात, आमच्या मुलखात!

डोक्यावर पदर, हातात परवाना आणि मागं मारोती, अशी ती एक दिवस दुकानात येऊन उभी राहिली. मी सवयीनं मारोतीपुढं हात केला. म्हटलं, "परवाना बघू."

"हिकडं बघा, मिस्त्री," बाई म्हणाली. "बंदूक मला पायजे."

मी हात मागं घेतला. म्हटलं, "बाई, तुमाला चालवता येती का?"

"मालक असताना निम्मी राखण मीच करत व्हते. ते झोपायचे, मी जागायची. आता हे जमादाराला सांगू नका म्हंजे झालं."

मारोती मागं तोंड दाबून हसला. मला दोघांचं नातं चांगलं वाटलं.

माझ्याकडं तेव्हा दोन दुनळ्या विकायला होत्या. एक आडवी आणि एक उभी, बेल्जियमकडची. मी दोन्ही तिच्यापुढं ठेवल्या. तिनं आडवी खांद्याला लावली, उतरवली. मग उभी उचलली, गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ रस्त्यापलीकडच्या पिंपळाच्या शेंड्यावर नेम धरून राहिली.

"ह्यात मला येकच रेघ दिसती," ती म्हणाली. "त्यात दोन दोन दिसत्यात. कोणत्या रेघंवर जीव लावू? हीच द्या."

मारोती पुढं सरकला. "वैनी, दादाची व्हती तशी आडवीच घ्या. घरात समद्यांच्या हाताला तीच सवय हाय."

"समद्यांच्या म्हंजे? बंदूक मी चालवणार हाय."

"पण पुजायची, पुसायची, ठिवायची, हे कोण करतंय? मीच ना?"

झालं, वाजलं दोघांचं. दुकानात आणखी चार माणसं बसलेली. दिरानं चार माणसांत आपल्याला शहाणपण शिकवलं हे बाईला लागलं आणि वहिनीनं चार माणसांत आपलं ऐकलं नाही हे मारोतीला लागलं. तो पायरी उतरता उतरता म्हणाला, "घ्या मंग! व्हईल ते भोगा. मला बोलवू नका!"

रागाच्या भरात माणूस काय बोलत नाही? त्या क्षणी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मी बाईला उभी दुनळी कशी उघडायची ते रिकाम्या काडतुसांवर दाखवलं. आमच्या धंद्यात उघडण्याला 'मोडणं' म्हणतात. बंदूक मधल्या बिजागरीवर वाकवायची, मागची बाजू उघडी पडते, तिथं काडतूस घालायचं. "ही पुरी मोडायची, बाई, अडेपर्यंत," मी म्हणालो. "मला मालकानं शिकवलंय," म्हणाली आणि बंदूक खाकेत मारून निघाली. तिला शिकवलं होतं हे खरंच. पण आडवी शिकवली होती.

त्यानंतर आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं घरातलं प्रत्येक हत्यार पुजतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळ्यांना हळदकुंकू. घरात बंदूक असली तर मधला पाट तिचा. आणि बंदूकवाल्या घरांत आणखी एक चाल असते, 'बंदूक निजवणं'. पूजेआधी बंदूक मोडायची, आत काडतूस नाही हे बघायचं, बंद करायची आणि दोन्ही चाप ओढून टाकायचे. त्यानं आतल्या कमानींचा ताण उतरतो. मग दसऱ्यापर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. मारोती थोरल्या भावाच्या वेळेपासून हे काम करत आला होता.

दसरा होऊन काही दिवस गेले होते. दुपारी दुकानापुढं पोलिसांची जीप थांबली. जमादार आत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "मिस्त्री, अवजारं घ्या. कुरुंद्याला चला."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. खंडेनवमीला मारोतीनं बंदूक निजवायला घेतली आणि बार उडाला. समोर कौसाबाई पूजेचं ताट मांडत होती. तिच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं उडाली. हळदीचं गाव ते. घरात पोत्यानं हळद होती, ती मुठीमुठीनं दाबून बायांनी रक्त थांबवलं आणि मिळेल त्या ट्रकनं तिला नांदेडला नेलं. जगली. आता गावी परत आली होती आणि एकच म्हणत होती, यानंच केलं. जमिनीसाठी केलं.

"दुकानात भांडण झालं होतं म्हणे," जमादार म्हणाले. "'भोगा' म्हणाला होता?"

मी काय सांगणार? या कानांनी ऐकलं होतं. "म्हणाला होता," मी म्हणालो. माझ्या त्या एका शब्दानं एखादा माणूस जन्माचा आत जाणार की काय, हाच विचार जीपमध्ये डोक्यात घोळत राहिला.

अंगणात निम्मं गाव जमलेलं. कौसाबाई ओट्यावर बसली होती, डावा हात फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला. चेहरा ओळखू येईना, इतकी उतरलेली. मारोती गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बघत बसला होता. त्या दिवसापासून त्याला घरात पाऊल टाकू दिलेलं नव्हतं. बायको चोरून भाकरी आणून द्यायची म्हणे. त्याच्या आसपास कुणी उभं राहायला तयार नव्हतं.

जमादारांनी बंदूक माझ्या हातात दिली. "बघा. खोट आहे का हिच्यात? हात न लावता उडू शकते?"

मी तिथंच गोणपाट अंथरलं आणि बंदूक तपासली. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. बंदुकीत खोट निघाली असती तर सगळ्यांचीच सुटका होती हो! पण खोट नव्हती. कमानी ठणठणीत, चाप जागच्या जागी. मला खोटं बोलता आलं नाही. "बंदूक चांगली आहे," मी म्हणालो.

अंगणात कुजबुज झाली. कौसाबाई मारोतीकडं बोट करून म्हणाली, "ऐकलं का? मी काय म्हणत व्हते? भावासारखा संभाळला ह्याला मी. सापाला दूध पाजलं!"

मारोती तरीही गप्पच. मला त्याचा राग आला. अरे, बोल की काहीतरी! चुकून झालं म्हण, रड, पाया पड. माणूस जिवावर बेतलं तर मांजरासारखा बोचकारतो, आणि हा दगडासारखा बसलाय.

मग माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी पिशवीतून एक रिकामं काडतूस काढलं, लोकांकडं पाठ करून उभीच्या खालच्या नळीत घातलं आणि बंदूक बंद केली. मारोतीला म्हटलं, "पूजेच्या दिवशी कशी मोडलीस तशी मोडून दाखव."

त्यानं आडवी मोडतात तशी अर्धवट मोडली. मी जमादारांना म्हटलं, "आत बघा. काडतूस आहे?"

ते वाकले. वरच्या नळीतून आरपार उजेड दिसत होता. "नाही. रिकामी आहे."

"आता पुरी मोडा."

त्यांनी जोर करून पुरी मोडली तशी खालची नळी वर आली आणि तिच्यातलं काडतूस सगळ्यांना दिसलं. बायांनी तोंडावर हात घेतले. मी म्हणालो, "आडवीत दोन्ही नळ्या शेजारी. थोडी मोडली तरी दोन्ही दिसतात. उभीत खालची खोल असते, पुरी मोडल्याशिवाय ती दिसत नाही. यानं बघितलं होतं. पण जुन्या सवयीनं बघितलं."

"मानलं," जमादार म्हणाले. "पण मग काडतूस घातलं कुणी? तेही यानंच घातलं असेल."

हा प्रश्न बरोबर होता. मी कौसाबाईकडं वळलो. "बाई, तुमी समोर व्हता. यानं आधी कोणता चाप ओढला?"

"मागला," ती लगेच म्हणाली. "आवाज न्हाई आला काही. ढिला गेला. मी म्हणलं बी, नव्या बंदुकीचा चाप बिघडला का काय. मंग पुढला वढला अन्..." तिनं डोळे मिटून घेतले.

"नक्की ढिला गेला? टक् झालं न्हाई?"

"न्हाई म्हणते ना! मी बहिरी हाय का?"

मला काय सापडलं होतं ते माझं मलाच खरं वाटेना. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. या बंदुकीचा मागचा चाप वरच्या नळीचा, पुढचा चाप खालच्या नळीचा. बार उडवला की त्या नळीचा खटका, म्हणजे काडतुसावर आपटणारा आतला घोडा, पडतो. तो परत चढायला बंदूक पुरी मोडावी लागते. मागचा चाप ढिला गेला, टक् झालं नाही, म्हणजे खटका आधीच पडलेला होता. वरची नळी कधीतरी उडवली होती, आणि त्यानंतर ही बंदूक कुणीच पुरी मोडली नव्हती. "आणि पुरी मोडल्याबिगर," मी म्हणालो, "खालच्या नळीत काडतूस घालताच येत नाही. म्हणजे मारोतीनं ते घातलेलं नाही. वरचा बार उडाला तेव्हापासून ते तिथंच होतं."

"मग वरचा बार कुणी उडवला?" जमादारांनी विचारलं.

मी कौसाबाईकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता. मी एका माणसाला सोडवायला निघालो होतो. दुसऱ्या बाजूला कोण उभं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"झुंजुमुंजू झालं व्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पूजेच्या आदल्या दिशी. भुईमुगात डुकरं घुसली व्हती. लांब व्हती, म्हणून मी मागला चाप वढला. मालकाची बंदूक तशीच व्हती, लांबच्या जनावराला मागला चाप. मंग मोडली, रिकामं काडतूस काढलं. दुसरं दिसलंच न्हाई. मला वाटलं, मी येकच भरलं व्हतं." ती थांबली. "ते काडतूस माझं हाय, साहेब. माझ्याच हातचं."

जमादार मारोतीकडं गेले. "तुला ठाऊक होतं हे?"

मारोतीनं पहिल्यांदा मान वर केली. "काडतुसं वैनीच्या पेटीत असत्यात. चावी त्यांच्या कंबरंला. मी भरलं न्हाई, मंग कुणी भरलं असंल? येवढं कळतंय मला."

"मग बोलला काहून न्हाईस, मूर्खा? तुला आत टाकायला आलो होतो मी!"

"त्यांचा हात गेला, साहेब. माझ्याच हातानं गेला. वरून त्यांनाच म्हणू, की वैनी, काडतूस तुमचं व्हतं?"

मी बंदुकीच्या धंद्यात फुटलेल्या नळ्या बघितल्या, भाजलेली तोंडं बघितली. पण त्या वाक्यानं मी जितका हादरलो तितका कशानंही हादरलो नाही. लोक त्याला वहिनीच्या जिवावर उठलेला म्हणत होते आणि हा माणूस गोठ्याशी बसून ते ऐकून घेत होता.

जमादारांनी मग कायद्याचं सांगितलं. हलगर्जीपणा परवानेवालीचा आहे. तसं लिहावं लागेल. परवाना जाईल, बंदूक जमा होईल.

हे ऐकलं आणि मारोती ताडकन उठला. "साहेब, मी भरलं व्हतं म्हणून लिवा ना. चुकून भरलं म्हणा. लायसन त्यांच्याकडं ऱ्हाऊ द्या. शेतात येकट्या असत्यात त्या."

"चूप!" कौसाबाई ओट्यावरून कडाडली. "खबरदार, खोटं बोललास तर! साहेब, लिवा माझ्या नावानं."

जमादारांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि शाईची डबी पुढं केली. म्हणाले, "अंगठा करा." बाईनं सवयीनं डावा हात पुढं केला. फडक्यात गुंडाळलेला तो हात शाईच्या डबीवर तसाच थांबला. अंगठा नव्हताच.

मारोती ओट्याजवळ आला आणि म्हणाला, "वैनी, उजवा द्या."

तिनं उजवा अंगठा उठवला. मग शाईनं भरलेला तोच हात तिनं मारोतीच्या डोक्यावर ठेवला आणि हंबरडा फोडला. छर्रे लागले तेव्हा ही बाई रडली नव्हती म्हणे.